एका सरकारी पोथीचे परीक्षण

दिवाळी अंकात परीक्षण यावे ते कादंबरीचे, नाटकाचे, फार तर एखाद्या आत्मचरित्राचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मोडून मी आज एका सरकारी पोथीचे परीक्षण करावयास बसलो आहे, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. कोळसा कमी करून ऊन, वारा आणि पाणी यांच्यावर संसार चालविण्याचा जो संकल्प आपल्या देशाने सोडला आहे, त्याचे कागद म्हणजे ही पोथी. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कोणाला रुक्ष वाटेल. पण ज्या माळांच्या उजेडात आपण हा अंक चाळीत आहा, तो उजेड आज कुठून येतो आणि उद्या कुठून येणार आहे, हा प्रश्न काही घराबाहेरचा नाही.

मी वीजशास्त्रातला माणूस नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकला थांबले. पुढचे आयुष्य मुलांचे निबंध तपासण्यात आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्यात गेले. या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट अंगवळणी पडते. कोणताही मजकूर हाती आला की पाहावयाचे ते हे, की त्याचे नाव त्याला शोभते काय, त्यातला शब्द वस्तूला चिकटून आहे काय, आणि त्यात माणसे आहेत काय. ज्या फुटपट्टीने मी मुलांचे निबंध आणि स्वतःच्या कादंबऱ्या मोजतो, तीच येथे लावणार आहे.

प्रथम कथानक. ३० जून २००८ रोजी हवामानबदलाविषयीचा राष्ट्रीय कृती-आराखडा जाहीर झाला. त्यात आठ अभियाने होती व त्यांतले एक सूर्याचे होते. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले आणि २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट सौर विजेचे लक्ष्य ठरले. २०१५ साली तेच लक्ष्य पाचपट करून एक लाख मेगावॉटवर नेले. वारा, जैविक इंधन आणि लहान जलविद्युत धरून एकूण १,७५,००० मेगावॉट, मुदत तीच, २०२२. पुढे १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या जागतिक परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाच वचने दिली आणि त्यांना ‘पंचामृत’ असे नाव दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे पाठवावयाच्या लेखी प्रतिज्ञेला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

लेखकाची उमेद दांडगी आहे, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या खानदेशात कंदील पुसून ठेवणे हे संध्याकाळचे नित्यकर्म होते. त्या देशाने सूर्यावर दिवे लावण्याची भाषा जगापुढे करावी, यात अभिमान वाटण्यासारखे पुष्कळ आहे. शिवाय ही भाषा हवेत विरली नाही. २०२५ च्या जूनअखेर देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता सुमारे ४,८५,००० मेगावॉट होती आणि तीतली निम्मी कोळसा-तेल-वायूवाचून चालणारी होती. हे लक्ष्य २०३० चे होते, ते पाच वर्षे आधी गाठले गेले. खुद्द आमच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग त्याच्याही आधीपासून फिरते आहे. साक्रीकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून ती पाती पाहताना शाळेची पोरे अजूनही मोजणी सुरू करतात आणि मध्येच हिशेब चुकतात.

आता नाव. ‘पंचामृत’ हे नाव मोठे गोड आहे, आणि त्यातच त्याची अडचण आहे. दूध, दही, तूप, मध आणि साखर ही पाचही द्रव्ये असली तरच पंचामृत होते. एक कमी पडले तर भटजी वाटी परत पाठवितात. ग्लासगोची पाच द्रव्ये अशी : २०३० पर्यंत जीवाश्म इंधनावाचून चालणारी ५,००,००० मेगावॉट क्षमता, त्याच सालापर्यंत देशाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ५० टक्के नवीकरणीय ऊर्जेतून, कर्ब-उत्सर्जनात एकूण १०० कोटी टनांची घट, अर्थव्यवस्थेच्या दर रुपयामागील उत्सर्जनात ४५ टक्क्यांहून अधिक घट, आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य. नऊ महिन्यांनी लेखी प्रतिज्ञा आली तेव्हा आकड्यांनिशी बांधून घेतलेली द्रव्ये दोनच उरली होती. पाच लाखांचा आकडा आणि शंभर कोटी टन त्या कलमांत उतरले नाहीत. २०७० हे दूरचे ध्येय म्हणून मागे उभे राहिले.

जे दुसरे द्रव्य उतरले तेही उतरताना पालटले. ग्लासगोला शब्द होते ‘ऊर्जेच्या गरजेपैकी ५० टक्के’. कागदावर शब्द आले ‘वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी सुमारे ५० टक्के’. वरवर पाहता फरक दिसत नाही. म्हणूनच तो नीट पाहावयास हवा. ऊर्जेच्या गरजेत विजेबरोबर मोटारीचे पेट्रोल, चुलीवरचा गॅस आणि भट्टीतला कोळसाही येतो. विजेच्या क्षमतेत यांतले काही येत नाही. आणि क्षमता म्हणजे निर्मितीही नव्हे. शंभर पाने बसतील एवढा मांडव घातला म्हणजे शंभर पाने उठली असे होत नाही. सौर प्रकल्पाचा मांडव रात्री रिकामा असतो, ढगाळ दिवशी अर्धा असतो. वर्षाची बेरीज घेतली तर तो पूर्ण शक्तीने अखंड चालल्यास जेवढी वीज देईल, तिच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी देतो. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा मिळविल्यावरही २०२४-२५ साली देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाचीच होती. दोन्ही विधाने खरी आहेत. पण मुलाने निबंधात पहिले विधान ठळक लिहून दुसरे समासात सोडले असते, तर मी लाल शाई उचलली असती.

एका शब्दाने केवढा फरक पडतो, याचा दुसरा मासलाही ग्लासगोचाच. परिषदेच्या शेवटच्या घटकेला कोळशाविषयीच्या कलमातला एक शब्द बदलला. कोळशाची वीज टप्प्याटप्प्याने ‘संपविणे’ असे होते, ते टप्प्याटप्प्याने ‘घटविणे’ असे झाले. बदल वाचून दाखविला आपल्या मंत्र्यांनी, चीनचाही त्याला आग्रह होता. श्रीमंत देशांनी त्यावर पुष्कळ टीका केली. मला मात्र तो बदल त्या सबंध मसुद्यातला सर्वांत प्रामाणिक शब्द वाटला. दीडशे वर्षे कोळसा जाळून ज्यांची घरे उबदार झाली, त्यांनी कालपरवा बटण दाबावयास शिकलेल्यांना ‘संपवा’ म्हणणे सोपे होते. ‘घटविणे’ हा शब्द आपल्याला पाळता येईल असा होता. पाळता येईल एवढेच बोलावे, ही शिस्त त्या एका शब्दात दिसली. ती पोथीच्या इतर पानांवर दिसती तर बरे झाले असते.

कारण या लेखकाला एक वाईट खोड आहे. तो मागचे प्रकरण पुरे न करता पुढचे सुरू करतो. १,७५,००० मेगावॉटचे २०२२ चे लक्ष्य घ्या. ते साल संपले तेव्हा मोठी जलविद्युत वगळता हाती होते सुमारे १,२०,०००. घरांच्या छपरांवरून यावयाची होती ४०,००० मेगावॉट सौर वीज. ती तर फारच मागे राहिली. दहा हात उडी मारावयास निघालेला सात हात गेला, तर त्यात लाज नाही. पण उरलेले तीन हात का राहिले, छपरे का रिकामी राहिली, याचे एक सरळ प्रकरण हवे होते. त्याऐवजी वाचकाच्या हाती ५,००,००० चा नवा आकडा आणि २०३० चे नवे साल पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. ती चांगली आहे, पण आधीच्या चुकीची आठवण तिच्या प्रस्तावनेत असती तर तिच्यावर अधिक विश्वास बसला असता. वर्गात नापास झालेल्या मुलाला मी कधी रागावत नाही. पण तो जुना पेपर हरवला म्हणून सांगू लागला की मात्र काळजी वाटते.

आता शब्दांकडे येतो. पुष्कळ वर्षे सरकारी मराठीत ऊन-वाऱ्याच्या विजेला ‘अपारंपरिक ऊर्जा’ म्हणत आले. केंद्रातल्या खात्याच्या नावातला हा अर्थ २००६ साली गेला आणि तेथे ‘नवीन व नवीकरणीय’ आले. राज्याच्या कागदांत जुना शब्द पुष्कळ काळ रेंगाळला. खानदेशातल्या माणसाला हा शब्द ऐकून हसू यावे. ज्वारीचे बिबडे आणि कुरडया कोणत्या ऊर्जेवर वाळतात? मिरची कशावर वाळते? खळ्यावर वाऱ्याकडे तोंड करून, तिवईवर उभे राहून उपणणी केली ती कोणाच्या जोरावर? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सूर्याइतकी जुनी ओळख आम्हाला दुसऱ्या कोणाची नाही. परंपरेने आलेले ते अपारंपरिक, आणि इंग्रज आल्यावर आगगाडीबरोबर भुसावळला उतरलेला कोळसा तेवढा पारंपरिक! शब्द करणाऱ्याने एकदा तरी एखाद्या धाब्याच्या घरावर चढून पाहावयास हवे होते.

याहून जड शब्द आहे तो ‘पडीक’. सौर प्रकल्प पडीक, नापीक जमिनीवर व्हावेत, असे योजना म्हणते. हेतू चांगला, कारण पिकाची जमीन वाचावी. पण पडीक हे कोणाच्या डोळ्यांनी? साक्रीच्या माळावर ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे फिरवीत आले. सातबाऱ्यावर जेथे पीक नाही, तेथे त्यांचे चराऊ रान आहे. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात पवनचक्क्या आल्या तेव्हा वनजमीन कसणाऱ्या आदिवासींनी आंदोलने केली. त्यांचाही सवाल हाच होता, की ज्या जमिनीवर आम्ही राबतो ती रिकामी आहे असे कोणी ठरविले? गेल्या उन्हाळ्यात माळावर भेटलेल्या एका म्हाताऱ्याने मला हेच अर्ध्या वाक्यात विचारले. कुंपणापलीकडच्या निळ्या तावदानांकडे पाहात तो म्हणाला, “गुरजी, सूर्य ते समदासना शे, पन जमीन कोनी शे?” त्या पोथीच्या सर्व पानांत मला या प्रश्नाइतके नेमके वाक्य सापडले नाही.

येथून मी शेवटच्या कसोटीकडे, माणसांकडे वळतो. या कथेत नायक आहे तो मेगावॉट. तो वाढतो, विजय मिळवितो, सभांतून मिरवतो. माणसे दिसतात ती ‘लाभार्थी’ म्हणून, तीही बहुवचनी. वाक्ये पाहावीत तर ‘जमीन संपादित केली जाईल’, ‘क्षमता उभारली जाईल’, ‘संच टप्प्याने बंद केले जातील’. कोण घेईल, कोणाची घेईल, बंद झाल्यावर तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी कोठे जाईल, हे वाक्यातच नाही. कर्मणी प्रयोग मी मुलांना शिकवितो. पण त्याच्या आड लपता येते, हे मी या कागदांवरून शिकलो.

भुसावळजवळचे दीपनगर पाहा. १९६८ साली तेथे ६२.५ मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० चे दोन आले, २०१२ साली ५०० चे दोन आले. जुने काळाच्या ओघात बंद पडले, आणि देश जगापुढे हरित वचने देत असतानाच तेथे ६६० मेगावॉटच्या आणखी एका कोळशाच्या संचाचे बांधकाम झाले. या राखेने आसपासच्या अंगणांना त्रास दिला आणि याच चिमणीने हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, दोन्ही खरे. कंत्राटी हमाल, राख वाहणारे ट्रकवाले, वसाहतीबाहेरचे चहावाले, शिंपी, शिकवणीवाले या सर्वांचे आयुष्य त्या धुराला बांधलेले आहे. एक दिवस तो धूर थांबणार, हे योजनेने ठरविले आहे. त्या दिवसानंतरच्या दीपनगरसाठी मात्र या पोथीत एकही पान नाही.

असे पान लिहिता येत नाही काय? जर्मनीने लिहिले. तेथे कोळसा सोडण्यापूर्वी एक आयोग बसविला. त्यात कारखानदार, पर्यावरणवादी, कामगार संघटना आणि कोळशाच्या गावांचे प्रतिनिधी यांना एका टेबलाशी बसविले. २०१९ च्या आरंभी अहवाल आला, २०२० साली कायदा झाला, कोळशाला २०३८ पर्यंतची मुदत दिली आणि त्या प्रदेशांच्या नव्या घडीसाठी ४,००० कोटी युरो बाजूला काढले. जर्मनीचा पैसा आपल्याजवळ नाही, हे मला कळते. पण टेबल आणि खुर्च्या तर आपल्याजवळही आहेत.

माणूस गाळल्याची किंमत काय होते, हे आमच्या धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी घेतली गेली. घेताना औष्णिक विजेचे नाव होते. पुढे तेथे सूर्याचे नाव आले. मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास, आणि जवळपासच्या इतरांना त्याहून कितीतरी अधिक मिळाल्याचे त्यांना दिसत होते. वयाची ऐंशी ओलांडलेला हा माणूस कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिला. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला ते वारले. त्यानंतर चौकशा झाल्या, फेरमूल्यांकन झाले. सणाच्या अंकात ही आठवण नको, असे कोणी म्हणेल. मला ती गाळता आली नाही. धूर न ओकणारी वीज स्वच्छ खरी. पण स्वच्छ या शब्दात व्यवहारही स्वच्छ असणे आलेच पाहिजे.

एवढे दोष दाखविल्यावर जे उत्तम आहे तेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. या पोथीतले मला सर्वांत आवडलेले प्रकरण शेतीपंपाचे आहे. जळगावच्या केळीला पाणी लागते बारमाही, आणि शेतीची वीज वर्षानुवर्षे आली ती रात्री-अपरात्री. माझे एक नातेवाईक आयुष्यभर रात्री दोन वाजता काठी आणि बॅटरी घेऊन विहिरीवर जात आले. मागे घरातली बाई जागी. साप, रानडुक्कर, ओल्या हाताला बसणारा झटका, सगळ्याची भीती तिच्या उशाशी. ‘पीएम-कुसुम’ २०१९ साली आली. राज्याची ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०१७ ची, २०२३ साली ती नव्या रूपात आली. तिची कल्पना साधी आहे. गावाच्या उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारावा आणि त्याची वीज दिवसा पंपांना द्यावी. सूर्य वर असताना पाणी, सूर्य मावळल्यावर झोप. शिवाय शेतकऱ्याने जमीन दिली तर मालकी त्याचीच राहते आणि हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. विखरण आणि ही योजना शेजारी ठेवून वाचा. एकीकडे ‘घेतली जाईल’, दुसरीकडे ‘भाड्याने देईल’. दुसऱ्या वाक्यात शेतकरी कर्ता झाला आहे. याच लेखकाला चांगले वाक्य लिहिता येते, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच इतर पानांवरची हयगय अधिक खटकते.

कोणी म्हणेल, गुरुजी, योजना ही कादंबरी नव्हे. तीत पात्रे कशाला शोधता? आक्षेप रास्त आहे. आकड्यांवाचून राज्य चालत नाही, आणि दीडशे कोटींच्या देशात प्रत्येकाचे नाव कागदावर येणार नाही. पण मी मागतो आहे ते नाव नव्हे, जागा मागतो आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या कागदावर तीन साधे प्रश्न असावेत : ही जमीन आज कोण वापरतो, या कामाने कोणाचे काम जाईल, आणि मागच्या वेळी काय चुकले. उत्तरे चार ओळींची असली तरी चालतील. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या त्या गेल्यानंतर १९५२ साली छापल्या गेल्या. पण शेत म्हटले की त्यात राबणारा हात आलाच, हे भान त्या बाईंनी कधी सोडले नाही. ते भान शिकवावयास महाविद्यालय लागत नाही.

तेव्हा निकाल असा. कथाबीज थोर, नाव गोड, आकडे भारदस्त, भाषा निसरडी, पात्रचित्रण अपुरे; एक प्रकरण मात्र मनापासून उतरलेले. नापास करावी अशी ही कृती नाही. मी तिला उत्तीर्ण करतो, पण वहीवर शेरा लिहून : पुन्हा लिहून आणावी, आणि या वेळी कर्ता गाळू नये.

पुढच्या दिवाळीला माझे ते नातेवाईक दिवसा पाणी देऊन लक्ष्मीपूजनाला वेळेवर घरी आलेले असावेत, एवढी इच्छा आहे. आज हे लिहीत असताना मात्र त्यांचा निरोप आला आहे, की या आठवड्यात त्यांची पाळी पुन्हा रात्रीची आहे.